आमच्या सुभेदारकाकांच्या पीपीओवर काकूंचं नाव वेगळं होतं

आरोही

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहायचे. १९६८ साली भरती, १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर, आणि अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून पेन्शनीत आलेले. लहानमोठे सगळे त्यांना काकाच म्हणायचे. दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला सोसायटीचा झेंडा त्यांच्या हातून फडकायचा. निळा ब्लेझर, रेजिमेंटचा टाय, छातीवर ओळीनं पदकं. कार्यक्रमांचं काम माझ्याकडे असल्यामुळे माईकवर त्यांची ओळख मी करून द्यायचे. चौदा वर्षं तीच चार वाक्यं. मग हार, श्रीफळ, टाळ्या, एकत्र फोटो.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. अंत्ययात्रेला सगळी इमारत होती. नंतर दोनेक महिन्यांनी जिन्यात काकू भेटल्या तेव्हा सहज विचारलं, सगळं ठीक ना? त्या म्हणाल्या, "पेन्शन अजून सुरू नाही झाली गं. नावाचं काहीतरी आहे म्हणतात."

ते 'काहीतरी' असं होतं. लग्नानंतर काकांनी पलटणीत बायकोच्या नावाची नोंद केली ती माहेरच्या नावानं. इकडे सासरी काकूंचं नाव बदललं. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मतदार यादी, सगळीकडे सासरचं नाव, आणि पीपीओवर माहेरचं. जन्मतारखेतही दोन वर्षांचा फरक. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, माजी सैनिकाच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. काका हयात असते तर त्यांच्या सहीच्या एका अर्जावर दुरुस्ती सुरू झाली असती. ते गेल्यावर मात्र 'ही दोन्ही नावं एकाच बाईची' हे सिद्ध करण्याची वेळ सत्तरीच्या बाईवर आली. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, गावचा दाखला, मग तेच पुन्हा नव्या नमुन्यात. त्यांच्याबरोबर मी फिरले. सात महिने लागले. तोवर त्यांनी मोडीत काय काढलं, कोणाकडून उसने घेतले, हे मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

झोप उडाली ती एका गोष्टीनं. काकांना हा फरक माहीत होता. काकू म्हणाल्या, "ते म्हणायचे, एकदा करून टाकू. पण कॉम्प्युटरचं त्यांना जमायचं नाही, आणि कोणाला सांगायचं म्हणजे संकोच." आमच्या इमारतीत सहा जण संगणकावर पोट भरतात. त्यातली एक मी. तीन मजले उतरून खाली गेले असते तर एका दुपारचं काम होतं.

म्हणून हा धागा. तुमच्या आसपास माजी सैनिक आहेत का? झेंडावंदनाचे दोन दिवस सोडून तुम्ही त्यांच्यासाठी काय करता? आणि इथे कोणी स्वतः सैन्यातून निवृत्त असतील तर त्यांनी मोकळेपणानं सांगावं, आमच्याकडून काय झालं तर खरंच बरं वाटेल.

गोदाकाठ

आरोही, वाचून गप्प झालो. आमच्याकडे वडिलांच्या बाबतीत अगदी हेच होतं. फरक एवढाच की वडील हयात असताना लक्षात आलं, म्हणून निभावलं.

ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोणी माजी सैनिक आहेत त्यांनी या आठवड्यातच पीपीओ आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, समोर घेऊन बसा. बायकोचं नाव अक्षर न् अक्षर आधारशी जुळतं का? जन्मतारीख? जोडप्याचा एकत्र फोटो आहे का? पेन्शनच्या खात्यात बायकोचं नाव आहे का? घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद झाली आहे का? ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात. आईवडील दोघंही गेल्यावर त्याच मुलाला कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधार असतो. आता बहुतेकांची पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेली आहे, त्यामुळे पुष्कळ दुरुस्त्यांचे अर्ज तिथूनच करता येतात. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला पासवर्ड, ओटीपी, स्कॅन केलेला कागद हे कोण करून देणार? शेजारच्या पोरानंच ना?

जुना फौजी

नमस्कार. मी ईएमईमध्ये होतो, म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. चोवीस वर्षं झाली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. आरोहीताईंनी विचारलंय म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या युद्धात होता?" मी म्हणतो, युद्धात नव्हतो, वर्कशॉपमध्ये होतो. लगेच समोरच्याचा चेहरा पडतो. लेहच्या थंडीत इंजिन धरतं, डिझेल गोठतं, उघड्या हातानं पाना धरला तर कातडी चिकटते. तिथे गाडी चालू ठेवणं हेच माझं काम. वरच्या चौकीवर रॉकेल पोचलं नाही तर तिथला माणूस रात्र काढू शकत नाही. पण हे सांगण्याआधीच विचारणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. फौजेत स्वयंपाकी असतो, ड्रायव्हर असतो, नर्सिंग असिस्टंट असतो, खेचरांना सांभाळणारा असतो. सगळ्यांनी घर सोडलेलं असतं. म्हणून "कुठली पलटण, काय काम होतं, कुठे कुठे राहिलात?" असं विचारा. माणूस आपोआप बोलायला लागतो.

दुसरं. एका शाळेत मला बोलावलं होतं. एका मुलानं विचारलं, "तुम्ही किती जणांना मारलं?" सगळे हसले. त्या मुलाचा दोष नाही. पण माझ्या शेजारी जे बसले होते त्यांनी खरोखर लढाई पाहिली होती. ते खाली बघत राहिले आणि नंतर जेवायलाही थांबले नाहीत. हा प्रश्न कोणाला विचारू नका, आणि मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. मी एकेचाळिसाव्या वर्षी घरी आलो तेव्हा मला रेशनकार्डात नाव कसं घालतात हे माहीत नव्हतं. सातबारा वाचता येत नव्हता. मुलीच्या शाळेचा दाखला कसा काढायचा ते बायकोला माहीत, मला नाही. पलटणीत रजेचा कागद, पगाराचा कागद, सगळं कंपनीचा क्लार्क बघतो. आपण फक्त सही करायची. घरी आल्यावर लोकांना वाटतं, हा देशभर फिरलेला माणूस, याला काय सांगायचं. आणि आपणही विचारत नाही, कारण फौजी माणसानं कोणापुढे हात पसरायचा नाही हे अंगात मुरलेलं असतं. तुमच्या काकांचं काय झालं असेल ते मला बरोबर कळलं ताई.

ऑगस्टात आणि जानेवारीत मला पाच-पाच आमंत्रणं येतात. मी जातो, आनंदानं जातो. पण जून महिन्यात कोणी "हवालदार, बसा जरा" म्हणालं तर त्याचा आनंद जास्त होतो.

अभ्यासू

चर्चा चांगली आहे, पण मनात आहे ते स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सैनिकांना पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, उपचार आहेत, सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. गटारात उतरणारा सफाई कामगार, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन हेही जीव धोक्यात घालतात. त्यांच्यामागे यातलं काय आहे? मग वेगळी कृतज्ञता सैनिकांनाच का?

सईची आई

अभ्यासू, राग नाही. वायरमनबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. त्यांच्यासाठी धागा काढलात तर पहिला प्रतिसाद माझा असेल.

माझे मिस्टर पायदळात होते, सतरा वर्षं. अडतिसाव्या वर्षी घरी आले. तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात आणि त्यातले बहुतेक असेच, ऐन पस्तिशी-चाळिशीत. सरकारी नोकरीतला माणूस अठ्ठावन्न-साठला निवृत्त होतो तेव्हा त्याची मुलं मार्गी लागलेली असतात. आमची सई तेव्हा पाचवीत होती आणि तिची चौथी शाळा चालू होती. पेन्शन होती, पण ती शिपायाची. राखीव जागा होत्या, पण त्यासाठी परीक्षा द्यायची आणि तीही विशीतल्या मुलांच्या बरोबरीनं. दोन वर्षं त्यांनी एटीएमवर रखवालीचं काम केलं. त्या दोन वर्षांत त्यांना घरी बोलावून कोणी हार घातला नाही, आणि त्याचं दुःखही नाही. एका गृहस्थांनी मात्र रोज येता-जाता नावानं हाक मारली आणि पुढे आपल्या ओळखीनं गोदामात सुपरवायझरचं काम मिळवून दिलं. ते आजही आमच्या घरचेच आहेत.

आणि पेन्शन सगळ्यांना असते हा समज चुकीचा आहे. शिपायाला साधारण पंधरा वर्षांची नोकरी झाल्याशिवाय सेवा निवृत्तिवेतन नाही. त्याआधी काही कारणानं बाहेर पडलेले कितीतरी आहेत. त्यांच्यापैकी ६५ वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजूंना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं. ते महिना ४,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. आपल्या आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हे माहीतच नसेल, अशी शक्यता खूप आहे.

अभ्यासू

पेन्शन नसलेल्यांचं हे खरोखर माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार. एटीएमवाला परिच्छेद दोनदा वाचला.

पाऊसवेडा

माझे थोरले काका ऑपरेशन पवनमध्ये होते. भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेची मोहीम, १९८७ ते १९९०. किती जणांना हे नाव आठवतं? तिथे आपले सुमारे १,२०० सैनिक कामी आले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेतलं मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण कारगिलसारखी ती घराघरात पोचली नाही. परत आलेल्यांच्या मिरवणुका निघाल्या नाहीत. काका रात्रीच्या गाडीनं स्टँडवर उतरले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन चालत घरी आले, असं आजी सांगायची.

आमच्या घरात 'काकांना त्याबद्दल विचारायचं नाही' असा नियमच होता. मीही कधी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली तेव्हा दवाखान्यात रात्री मी सोबतीला होतो. झोप येईना म्हणून ते आपणहून बोलायला लागले. गोळीबाराबद्दल एक शब्द नाही. सिग्नलची तार ओढत नारळाच्या बागांतून कसं चालायचो, तमिळ शब्द कसे शिकलो, पावसात बूट कसे कुजायचे, आपला जोडीदार कसा गात असायचा. तो जोडीदार परतला का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून जमेल तसं महिन्यातल्या एका रविवारी मी जातो. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवतो, त्यांची परवानगी घेऊनच. ते बोलतील तेवढं ऐकायचं. गप्प बसले तर मीही गप्प. एकतीस रविवार झाले. परवा जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी नकाशा आण, मोठा." त्यांनी स्वतःहून काही मागायची ही पहिलीच वेळ.

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांना एकच सांगणं. अशा माणसाच्या मागे अचानक फटाके वाजवू नका, झोपेत हात लावून उठवू नका. आमच्याकडे दिवाळीत काकांना आधी सांगून मगच मुलं फटाके लावतात.

रानवारा

पाऊसवेडा, ते रेकॉर्डिंग जपून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.

मुरलीकांत पेटकर हे नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे जवान, मुळात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. मग पोहायला लागले, आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षं मोजा. ते आपल्यातच राहत होते.

पुण्यात खडकीला अपंग सैनिकांसाठी दोन जुन्या संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून आहे, पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालेली. तिथे अपंगत्व आलेल्या सैनिकांना नव्यानं व्यवसाय शिकवतात. दुसरं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर निकामी झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. यातले बरेच जण लढाईत जखमी झालेले नाहीत. कोणी गस्तीच्या गाडीतून दरीत पडला, कोणाला सरावात इजा झाली, कोणी रजेवर येताना अपघातात सापडला. त्यांच्याबद्दल बातमी छापून आली नाही, एवढाच फरक.

जायचं असेल तर आधी विचारून, परवानगी घेऊन जा, आणि फोटो काढायला म्हणून जाऊ नका. आमचा चार जणांचा गट वर्षातून तीनदा जातो. पहिल्या भेटीत काय बोलावं कळेना. तिसऱ्या भेटीपर्यंत बुद्धिबळाचे डाव अर्धे राहायला लागले, म्हणून चौथ्यांदा जावंच लागलं.

आरोही

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. जुना फौजी, तुमचा प्रतिसाद काकूंना वाचून दाखवला. "अगदी असेच होते हे," म्हणाल्या.

एक विचारायचं होतं. शाळेत असताना ७ डिसेंबरला आपण छातीला लावायचो ते लाल, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचे छोटे झेंडे. भूदल, नौदल, हवाई दल. त्या ध्वजदिनाच्या निधीचं पुढे काय होतं?

गोदाकाठ

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून आहे. निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठीच्या मदतीच्या योजना चालतात. सईच्या आईंनी लिहिलेलं निर्वाह अनुदान त्यातलंच. केंद्राच्या निधीला वर्षभर कधीही देणगी देता येते, डिसेंबरची वाट बघायची गरज नाही. जुन्या करपद्धतीत देणगीवर करसवलतही मिळते. मी दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली आहे.

१४ जानेवारी हा आपल्याकडचा माजी सैनिक दिन, हेही फार जणांना माहीत नसतं. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले. संक्रांतीच्या गडबडीत तो दिवस निघून जातो.

सईची आई

दोन बारीकसारीक गोष्टी, उपयोगी पडतील म्हणून.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. आता तो 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे उठत नाहीत त्यांना, म्हणजे आयुष्यभर हातानं राबलेल्यांना, हे वरदान आहे. दहा मिनिटांचं काम. तुमचा फोन घेऊन जा आणि करून द्या. त्याच वेळी त्यांना हेही सांगा की पेन्शन ऑफिसमधून बोलतोय म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त नाईकांची निवृत्तीची सगळी रक्कम अशीच गेली.

आणि ईसीएचएसचं कार्ड कुठे ठेवलंय हे शेजाऱ्यालाही माहीत असू द्या. रात्री-अपरात्री जवळच्या कुठल्याही दवाखान्यात हलवावं लागलं तर दोन दिवसांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. एकट्या राहणाऱ्या माणसाचं हे कोण बघणार?

अभ्यासू

परत आलोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

आमच्या ऑफिसच्या फाटकावर एक सिक्युरिटीवाले आहेत. तीन वर्षं रोज सकाळी मी गाडीची काच खाली करून पास दाखवतो, ते मान हलवतात. काल गाडी बाजूला लावली आणि जुन्या फौजींनी सांगितलं तसं विचारलं, तुम्ही सैन्यात होतात का, कुठल्या पलटणीत? म्हणाले, सिग्नल्स, म्हणजे संदेशवहनाच्या कोअरमध्ये, सोळा वर्षं. मग अर्धा तास कसा गेला कळलं नाही. त्यांची मुलगी बारावीला ७८ टक्के मिळवून यंदा इंजिनिअरिंगला लागली आहे. फी कशी भरायची या काळजीत आहेत. घरी येऊन शोधलं, तर माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला, बारावीत किमान ६० टक्के, मुलींना महिना ३,००० रुपये. त्यांनी नाव ऐकलं होतं, पण ती अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी असते असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं.

रविवारी मुलीला आणि कागद घेऊन ते माझ्याकडे येणार आहेत. काय काय लागतं हे कोणी नेमकं सांगेल का? त्यांना दोनदा खेपा घालायला लावायच्या नाहीत.

जुना फौजी

डिस्चार्ज बुक, पीपीओ, मुलीचं आधार, बारावीची गुणपत्रिका, तिच्या नावाचं बँक पासबुक. कॉलेजकडून ठरलेल्या नमुन्यात बोनाफाइड. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र. डिस्चार्ज बुकात मुलीच्या नावाचं स्पेलिंग बघा, गुणपत्रिकेशी जुळतं का. ते आधी बघा.

किती वाजता येणार आहेत? जवळपास असाल तर मीही येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.